रुमालाखालचा पासवर्ड

मला फक्त वर्गात मागे उभं राहायचं होतं. बस, एवढंच. लोक घरं बांधतात, निवडणुकीला उभे राहतात, नवराबायको मिळून भिंतीला रंग देतात. माझी उडी शेवटच्या बाकामागच्या भिंतीपर्यंतच होती. पण तिथे पोचेपर्यंत माझी जी दमछाक झाली, त्यात एखाद्याचा बंगला उठला असता.

मी सातवीला भूगोल शिकवतो. तात्पुरता. म्हणजे भूगोल कायमचा, मी तात्पुरता.

आमच्या वर्गात एक प्रोजेक्टर आहे आणि एक म्हातारा लॅपटॉप. दोघांना जोडणारी वायर इतकी तोकडी की लॅपटॉप पुढच्या टेबलावर, बरोबर कोपऱ्यातच ठेवावा लागतो. टेबल बुटकं. त्यामुळे दर चित्राला मी वाकणार, बटण दाबणार, सरळ होणार, दोन वाक्यं बोलणार, परत वाकणार. मी वाकलो की मागच्या बाकांवर बाजार भरतो. सरळ झालो की सगळे ऋषी.

शाळेची समिती मागच्या वेळी तास बघायला आली, तेव्हा अध्यक्षांनी माझ्याबद्दल एकच वाक्य लिहिलं. ‘शिक्षक मुलांपेक्षा टेबलाशी जास्त बोलतात.’

हे वाक्य स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ झालं. गणिताचे सर तर मला बघितलं की विचारायचे, “काय म्हणतंय टेबल?”

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, मला केबिनमध्ये बोलावलं. “समिती पुन्हा येणार आहे. तुम्हाला पुढे ठेवायचं की नाही ते त्या तासावर ठरेल. या खेपेला ताठ उभे राहा.”

एवढं बोलून त्यांनी दुसरी फाईल उघडली. मोठ्या बाईंचा आवाज असा आहे की जातानाही कापतो आणि येतानाही. म्हणून मुलांनी त्यांचं नाव ‘करवत’ ठेवलंय. हे फक्त मुलांनाच माहीत आहे अशी माझी समजूत होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मी ठरवलं. ताठ उभा राहीन, आणि तेही मागे. बाजार भरतो तिथेच.

कॉम्प्युटर मला कुणी शिकवलेला नाही. मी तो बिघडवत बिघडवत शिकलो. त्यामुळे उपाय शोधायला वेळ लागला नाही. हातात टॅब घ्यायचा, टॅब आणि लॅपटॉप एकाच वायफायला जोडायचे, टॅबवर बोट सरकवलं की तिकडे पडद्यावर चित्र बदलतं. वायर नाही, वाकणं नाही. मी घरी हे सांगत होतो तेव्हा समोर राहणारे निवृत्त मास्तरकाका पेपर मागायला आले होते. ते म्हणाले, “एवढा खटाटोप कशाला? लांब काठी घे. मागून टोचायचं बटण. आमच्या वर्गात एकच काठी होती. नकाशा, पाल, पोरं, सगळ्याला तीच.”

मी म्हटलं, “काका, काठीने लॅपटॉप पडेल.”

“मग जरा जाड घे,” ते म्हणाले आणि पेपर घेऊन गेले.

टॅब घरात एकच, वहिनीचा. ती शिवणकाम करते, गिऱ्हाइकांची मापं, डिझाइनं, सगळं त्यात. मी मागितला तर तिने तो पदराखाली घेतला, अक्षरशः. मग दादा जेवता जेवता म्हणाला, “दे गं त्याला. याची नोकरी गेली तर दिवसभर घरी बसेल, तुझ्या मशीनसमोर.”

वहिनीने जेवण अर्धं सोडून मला टॅब आणून दिला. “चार वाजता परत. आणि मुलांच्या हातात द्यायचा नाही. आणि काचेला बोट जपून लाव, तुझी बोटं नेहमी तेलकट असतात.”

अपमान झाला, पण टॅब मिळाला.

शाळेत मोबाइलला बंदी आहे. मुलांना आहेच, शिक्षकांनाही. सकाळी सगळ्यांचे फोन ऑफिसच्या कपाटात जातात. त्यामुळे टॅब म्हणजे नक्की काय, हा प्रश्न उभा राहिला. मोठ्या बाईंनी तो उलटासुलटा करून बघितला, मग कानाला लावला.

“यावर बोलता येतं?”

“नाही बाई. यात सिमच नाही.”

“मग ही पाटी झाली. पाटीला परवानगी लागत नाही.”

मी आनंदाने निघालो, तर दारातच क्लार्ककाका उभे. क्लार्ककाका म्हणजे आमच्या ऑफिसचे सर्वेसर्वा. घंटा कधी वाजणार, खडू किती मिळणार, कुणाची रजा मोजणार, सगळं त्यांच्या हातात. ते शांतपणे म्हणाले, “पाटीला परवानगी लागत नाही. पण पाटीला वायफाय लागत असेल तर अर्ज लागतो.”

अर्ज दिला. मंजूरही झाला. मी म्हटलं, “काका, पासवर्ड सांगा.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या मुलीचा हात मागितलाय.

“पासवर्ड सांगायचा नसतो. घालायचा असतो.”

मग त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, टॅबवर पसरला, रुमालाखाली एक बोट घातलं आणि टाइप करायला लागले. एकेक अक्षर. मध्येच थांबून माझ्याकडे बघायचे, मी बघत नाही ना म्हणून. मी छताकडे बघत होतो. माझी मान दुखायला लागली तेव्हा ते म्हणाले, “लागला.”

“काका, ते ‘लक्षात ठेवा’वर खूण करा ना. म्हणजे परत परत तुम्हाला त्रास नको.”

“मशीनच्या एकदा लक्षात राहिलं की ते कुणालाही सांगतं,” काका म्हणाले आणि रुमालाची घडी केली.

आता अडचण अशी की वायफायचा डबा खाली ऑफिसात आणि माझा वर्ग वरच्या मजल्याच्या शेवटाला. वर्गाचं दार कुणी लोटलं की कनेक्शन तुटायचं. तुटलं की काका. काका जिना चढून येणार, धापा टाकत रुमाल पसरणार, परत खाली जाणार. ते पायरीवर पोचेपर्यंत कुणीतरी पाणी प्यायला जाणार आणि दार लोटणार.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. त्यांची कागदपत्रं घेऊन ते माझ्या वर्गातच येऊन बसले. दाराशेजारी खुर्ची टाकून, एका पायाने दार अडवून. तुटलं तरी जागच्या जागी रुमाल.

मी शिकवायला घेतलं. नदी. उगम, धबधबा, वळणं, मैदान, गाळ, समुद्र. चित्रं मीच शोधून जमवलेली. मागच्या भिंतीला पाठ लावली, छाती काढली आणि बोट सरकवलं. काही झालं नाही. परत सरकवलं. काही नाही. मग जरा रागाने तीन-चारदा सरकवलं. टॅबने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकदम पाळलं. नदी डोंगरातून निघाली ती थेट समुद्रात पडली. मी घाबरून उलटं सरकवलं, तर समुद्रातून निघून भराभर डोंगर चढून बर्फात गेली.

एक मुलगी हात वर करून म्हणाली, “सर, नदी परत वर कशी गेली?”

“तिचं काहीतरी राहिलं असेल,” मी म्हटलं. काय सांगणार.

पण मी हटलो नाही. दोन दिवसांत मला टॅबचा स्वभाव कळला. एकदा सरकवायचं आणि वाट बघायची, वहिनीला चहा मागितल्यासारखं. जमलं. बोट सरकलं की चित्र सरकतं, ताठ उभा मी, हातात टॅब, मागे भिंत. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण शिक्षकासारखे दिसतोय.

मी म्हटलं, “आता बघा, डोंगरातून नदी कशी उगम पावते.” बोट सरकवलं. पडद्यावर सुंदर उगम आला.

तो एकानेही बघितला नाही. सगळा वर्ग माना वळवून माझ्याकडे बघत होता.

कारण आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर रंगवलंय, ‘बोलणाऱ्याकडे पाहा.’ मोठ्या बाईंचा आवडता नियम. बालवाडीपासून घोटलेला. बोलणारा पुढे असेल तर पुढे बघतील, खिडकीत असेल तर खिडकीत. मी मागे होतो. नदी त्यांच्या पाठीमागे वाहत होती.

“पुढे बघा,” मी म्हटलं.

हे सांगण्यासाठीही मी बोललो होतो. त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मोठ्या बाईंकडे गेलो. “बाई, माझ्या तासाला तेवढा नियम जरा सैल केला तर…”

“आज तुमच्या तासाला सैल केला की उद्या सगळ्यांच्या तासाला सैल होईल. तुम्ही पुढे उभे राहा.”

“पुढे राहिलो की टेबल येतं, बाई.”

बाईंनी दुसरी फाईल उघडली, मी दार उघडलं. त्या विषयात दोघांनाही आणखी काही सुचत नव्हतं.

स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांना सुचत होतं. कुणी म्हणालं पुढच्या भिंतीवर मोठा आरसा लावा. कुणी म्हणालं पडदाच मागे लावा. मी म्हटलं, पडदा मागे नेला की वायरीसाठी टेबलही मागे न्यायला लागेल, मग मी मागच्या टेबलाशी बोलेन. गणिताचे सर डबा बंद करत म्हणाले, “म्हणजे तुम्ही असाल तिथे पडदा नाही, पडदा असेल तिथे ताठ तुम्ही नाही. सिद्ध झालं.”

आणि या सगळ्यात ती गोष्ट घडली.

आतापर्यंत टॅबचंच कनेक्शन तुटायचं. त्या दिवशी लॅपटॉपनेही वायफाय सोडलं. पडद्यावर नदीच्या मधोमध एक पांढरा चौकोन उगवला. पासवर्ड घाला. काका उठले, टेबलापाशी गेले, कीबोर्डवर रुमाल पसरला, आजूबाजूला बघून घेतलं आणि रुमालाखाली टाइप करायला लागले.

आता हा लॅपटॉप इतका जुना की पासवर्डची अक्षरं ठिपक्यांत लपवायची तर आधी एक बारकी खूण करावी लागते. काकांचा रुमालाशिवाय दुसऱ्या कुठल्याच सुरक्षेवर विश्वास नाही. आणि प्रोजेक्टर चालू होता.

पडद्यावर, वीतभर उंच इंग्रजी अक्षरांत, एकेक करत उमटलं. के. ए. आर. व्ही. ए. टी. म्हणजे करवत. आणि पुढे एक दोन तीन.

मी कुणाकडे बघू तेच कळेना. या माणसाने सगळ्या शाळेच्या वायफायला मोठ्या बाईंचं टोपणनाव लावलं होतं. म्हणून तो रुमाल. म्हणून ती मुलीचा हात मागितल्यासारखी नजर.

काकांनी एंटर दाबलं, चौकोन गेला, नदी आली. ते वळून म्हणाले, “बघा, किती शांत बसलीत मुलं. काम चालू असताना असंच असलं पाहिजे.”

पडद्यावर येईल ते वहीत उतरवायचं अशी मुलांना सवय असते. माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या वर्गाने ते उतरवलं. एका मुलाने खाली पट्टीने रेघही मारली.

घरी वहिनी म्हणाली, “झालं की मग. तुला पासवर्ड कळला. आता त्या काकांना कशाला बसवून घेतोस?”

तिचं बरोबरच होतं. मी ठरवलं, उद्या सांगून टाकायचं, काका, तुम्ही आता त्रास घेऊ नका. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर काका माझ्या आधीच येऊन बसलेले. एका पायाने दार अडवलेलं. कागदपत्रं आणली होती, पण सोडलीच नव्हती.

“सर,” ते म्हणाले, “आज गाळाचं आहे ना?”

मी म्हटलं, हो, गाळाचं. आणि टॅब त्यांच्यापुढे धरला.

समिती आली. अध्यक्ष, दोन सभासद आणि मोठ्या बाई, अशा चार खुर्च्या शेवटच्या बाकामागे. त्यांच्या मागे भिंतीला टेकून मी. मानांचा प्रश्न सुटलेला नव्हताच. पण मी ठरवलं होतं, काय व्हायचं ते ताठ उभं राहून होऊ दे.

मी तोंड उघडलं आणि सगळा वर्ग वळला. म्हणजे माझ्याकडे, पण मध्ये अध्यक्ष. त्यांना एकदम एवढी तोंडं आपल्याकडे बघताना दिसली. त्यांनी कॉलर नीट केली. मग शर्टाला काही लागलंय का ते बघितलं. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं. नियम पाळला जात होता.

उगम झाला, कुणी बघितला नाही. धबधब्याला मी बोट सरकवलं आणि पडद्यावर पांढरा चौकोन आला.

लॅपटॉपचं वायफाय तुटलं होतं.

काका उठले. खिशातून रुमाल निघाला.

मी जिथे होतो तिथून मला पडदा दिसत होता. चौघं तर तिकडे तोंड करूनच बसले होते. आता वीतभर उंचीची ‘करवत’ उमटणार आणि ती खुद्द करवतच वाचणार. काका टेबलापाशी पोचलेसुद्धा. धावत जाऊन प्रोजेक्टर बंद करावा, तर तो परत तापून सुरू होईपर्यंत तास संपला असता आणि माझी नोकरीही. काकांना हाक मारावी, तर सांगू काय?

मग भिंतीवरचा नियम दिसला. रोज दिसायचा, पण आज वाचला.

मी बोलायला लागलो. मोठ्याने. “नदी कड्यापाशी येते तेव्हा तिला माहीत नसतं की पुढे जमीन नाही.”

वर्ग माझ्याकडे बघतच होता. बाईंची खुर्ची करकरली. आतापर्यंत त्या मुलांकडे बघत होत्या, पण एवढ्या मोठ्या आवाजापुढे स्वतःचाच नियम त्यांनाही पाळावा लागला. त्या पूर्ण वळल्या, माझ्याकडे तोंड करून. बाई वळल्या म्हणून सभासद वळले, सभासद वळले म्हणून अध्यक्ष. आता अख्ख्या खोलीत पडद्याकडे बघणारा मी एकटा.

पहिलं अक्षर उमटलं.

मी थांबलो असतो तर कुणीतरी वळलं असतं. म्हणून थांबलो नाही. पाणी कड्यावरून कसं पडतं, खालचा मऊ खडक कसा पोखरला जातो, वरचा कठीण खडक छज्ज्यासारखा कसा अधांतरी राहतो, मग एक दिवस तो कसा कोसळतो. चित्र नव्हतं म्हणून हातांनी दाखवलं. टॅब काखेत मारला. गुडघ्यात वाकून मी स्वतः खडक झालो. काका निम्म्यात आले, आणि चुकले. सगळं खोडलं. पुन्हा पहिल्यापासून एका बोटाने.

मी पुन्हा कड्यावर गेलो आणि दुसरा धबधबा घेतला.

मुलांना सगळं कळलं होतं. काय चाललंय पाठीमागे, कुणाचं नाव उमटतंय, कोण समोर बसलंय. पहिल्या बाकावरच्या रेघ मारणाऱ्याचे खांदे हलत होते. पण एकाही पोराने मान वळवली नाही. बाजार भरवणारी माझी पोरं, ती डोळे ताणून माझ्याकडे बघत होती.

एंटर. चौकोन गेला. पडद्यावर खराखुरा धबधबा आला.

माझा श्वास संपला होता. मी दम घ्यायला थांबलो. तेवढ्यात टेबलावर वाकलेले काका वर बघत म्हणाले, “सर, एक विचारू? खडक कोसळत कोसळत हा धबधबा मागे सरकतो म्हणालात. मग सरकत सरकत एक दिवस तो संपत असेल ना?”

बोलणारा आता पुढे होता. सगळा वर्ग सर्रकन पुढे वळला, खुर्च्यांसकट समिती वळली, आणि सगळ्यांना पहिल्यांदा माझा धबधबा दिसला. कुणीतरी ‘आईशप्पथ’ म्हणालं.

मी मागून उत्तर दिलं. वर्ग मागे. काकांनी पुढून विचारलं, गाळ समुद्रात जातो तर समुद्र भरत कसा नाही. वर्ग पुढे. मी बोट सरकवलं, गाळ आला. त्यांना खरंच विचारायचं होतं. इतके दिवस एका पायाने दार अडवून साठवलेलं सगळं त्यांनी त्या तासाला विचारून घेतलं.

घंटा झाली. अध्यक्ष उठले आणि सरळ पुढे गेले. काकांचा हात हातात घेतला.

“वा, सर. काय तास घेतलात. मुलं कशी खिळून होती. आणि मागचा तो मशीनवाला मुलगाही चुणचुणीत आहे. मध्ये मध्ये बरं बोलत होता.”

मी भिंतीपाशी ताठ उभा होतो. इतका ताठ मी पूर्वी कधी नव्हतो आणि त्याचा इतका कमी उपयोग कधी झाला नव्हता.

काकांनी हात सोडवून घेतला. रुमालाने कपाळ पुसलं. “नाही साहेब. तास त्यांचा. मी आपला पासवर्डपुरता.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “मग तुम्ही मागे का उभे होता?”

टॅब, अर्ज, वहिनी, टेबल, सगळं ओठांवर आलं. मी म्हटलं, “मला पडदा मुलांच्या जागेवरून बघायचा होता.”

त्यांनी पेन काढलं. या खेपेचं वाक्यही एकच होतं. ‘शिक्षक ताठ उभे होते.’

मला ठेवलं. तात्पुरता शब्द गेला. मोठ्या बाईंनी पत्र देताना एकच अट सांगितली, की भूगोलाच्या तासाला क्लार्ककाकांनी वर्गात बसलंच पाहिजे, अध्यक्षांना ती पद्धत फार आवडली आहे. वहिनीने टॅब परत घेतला, काच पुसली आणि भूगोलाच्या दिवशी तो आपणहून माझ्या पिशवीत ठेवायला लागली. समोरच्या काकांचं अजूनही म्हणणं आहे की काठीने लवकर झालं असतं.

वायफाय अजून तुटतं. पांढरा चौकोन आला की काका उठतात, खिशातून रुमाल काढतात, कीबोर्डवर पसरतात. तेवढ्यात मी काही न बोलता खिडकीपाशी जातो आणि बाहेर पाण्याच्या टाकीकडे बघत राहतो. सगळा वर्ग खिडकीबाहेर बघतो. हे मी त्यांना कधी शिकवलेलं नाही.

परवा मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना दारात थांबल्या. पडदा आमच्या दाराच्याच भिंतीवर आहे, त्यामुळे दारातून दिसत नाही. “सगळे बाहेर काय बघताय?”

“निरीक्षण, बाई,” एक मुलगी म्हणाली.

बाईंनीही क्षणभर टाकीकडे बघितलं आणि पुढे गेल्या.

काकांनी एंटर दाबलं, रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि पायाने दार अडवून खुर्चीत बसले.

“हं सर,” ते म्हणाले. “सोडा नदी.”